ड्यूटी संपल्याचा देव

आठवडाभर जे करावं लागतं त्याच्या नेमकं उलटं रविवारी करायचं, एवढ्यासाठीच ती तिघं टेबलाभोवती बसून, एकेक सोंग घेऊन फाशांच्या दानावर गुहा पार करायचा तो खेळ खेळत. सिस्टरचा धाकटा भाऊ नकाशे काढण्याच्या ऑफिसात होता. तिथे खरी जमीन इंचभर इकडची तिकडे करायची सोय नव्हती, म्हणून रविवारी तो नसलेल्या गुहांचे नकाशे काढी, त्यांत राक्षस बसवी आणि खेळ चालवी. भावजय ग्रंथपाल होती. लोकांनी नेलेली पुस्तकं परत मागून मागून सहा दिवस तिचा जीव मेटाकुटीला येई. खेळात ती चोर होती आणि घेतलेलं काही परत करत नसे. भावाचा मित्र गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसाशेजारी बसून दिवसभर ब्रेक दाबायचा हा त्याचा धंदा, त्यामुळे खेळात तो योद्धा होता आणि ब्रेक म्हणून काही असतं हे तो विसरूनच जाई.

याच कारणाने सिस्टरला त्या खेळाचा मोह पडला. बावीस वर्षं ती वॉर्डात होती. महिन्यातून एखादा रविवार मोकळा मिळे, तोही दुपारी मेट्रनबाईंचा फोन येईपर्यंत. कुणीतरी कामावर आलेलं नसे, आणि "नाही" म्हणायला सिस्टरला कुणी शिकवलंच नव्हतं. खोटं बोलणं तर त्याहून जमत नसे. एकदा ताप आलाय असं सांगायचं तिने पक्कं केलं, पण फोन उचलण्याआधी मनाची खात्री म्हणून थर्मामीटर लावून बघितला. ताप नव्हता. गेली बिचारी ड्यूटीवर.

या रविवारी मात्र ती ठरवून भावाकडे आली होती. एक दुपार, फक्त एक दुपार, तिला नर्स व्हायचं नव्हतं. चपला काढता काढताच तिने जाहीर केलं की आपण चोर होणार.

चोराची जागा भरलेली होती. योद्ध्याचीही. भावाने मान खाजवत सांगितलं, की आमच्याकडे एकच जागा रिकामी आहे, क्लेरिकची. क्लेरिक म्हणजे कुठल्यातरी देवाचा पुजारी. देवाच्या कृपेने तो जखमा भरून काढतो, विष उतरवतो, आडव्या पडलेल्याला उभा करतो. त्याच्यावाचून गेल्या खेपेला सगळी पहिल्याच दारात मेली होती.

"म्हणजे नर्स," सिस्टर म्हणाली.

"नर्स कसली गं ताई. याला चिलखत असतं."

देव कुठला ते मी ठरवणार, एवढीच अट सिस्टरने घातली आणि नियमांचं जाडजूड पुस्तक पुढे ओढलं. ती तिघं आजवर त्यातली नुसती चित्रं बघत आली होती. सिस्टरने ते औषधाबरोबरच्या चिठ्ठीसारखं वाचलं, म्हणजे बारीक अक्षरापासून. तिथेच तिला हवं ते सापडलं. एक, देव स्वतःचा स्वतः बनवता येतो. दोन, त्याच्यासाठी जितकं कडक व्रत घ्याल तितकी तुमची शक्ती मोठी.

लोक सूर्याचे, समुद्राचे, युद्धाचे क्लेरिक होतात. सिस्टर झाली ड्यूटी संपल्याच्या देवाची. देवाचं चिन्ह म्हणून तिने तीन वाजलेलं घड्याळ काढलं, कारण सकाळी सातची ड्यूटी तीनला सुटते. व्रताच्या रकान्यात लिहिलं: आठ तास काम करायचं. आठ तास संपले की आभाळ कोसळलं तरी कुणाला हात लावायचा नाही. त्याखाली हाताच्या सवयीने आणखी एक ओळ लिहून तिने सही केली, तारीख घातली, वेळ घातली आणि कागद भावापुढे सरकवला.

भावाने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तो हसला. गुहेत घड्याळ कोण बघतंय, असं त्याला वाटलं. एवढ्या कडक व्रताला पुस्तकात होती नव्हती ती सगळी शक्ती त्याने देऊन टाकली. हात लावला की मेलेला उठून बसेल, असं ते प्रकरण झालं.

आणि तसंच घडू लागलं. योद्धा पहिल्याच दालनात बारा लांडग्यांवर धावून गेला. चिंध्या झाल्या. सिस्टरने फासा टाकला, हात लावला, तो उठला. पुढच्या दालनात तो विस्तवाच्या खड्ड्यात उतरला, कारण वळसा घालायचा त्याला कंटाळा आला होता. तिने पुन्हा उठवला. त्यांच्यासोबत सामान वाहणारं एक खेचर होतं, ते दरीत पडलं, तर तिने खेचरही उठवलं. भावाने सहा आठवडे खपून रचलेली संकटं अशी एकेक वाया जाऊ लागली तसा त्याचा चेहरा उतरत गेला. भावजय म्हणाली, ताई, तुम्ही आधी का नाही आलात.

पण सिस्टर दर दालनानंतर वहीत काहीतरी टिपत होती, ते कुणी विचारात घेतलं नाही. भाऊ सवयीने म्हणायचा, "हे दालन ओलांडायला तासभर लागला," आणि ती तास मांडायची. बावीस वर्षांच्या नर्सला वेळ बघायला घड्याळ लागत नाही.

शेवटच्या दालनात एक भलाथोरला कोळी होता. योद्धा अर्थातच सरळ त्याच्या तोंडात गेला आणि बेशुद्ध पडला. चोराला विषारी दंश झाला. खेचराने घाबरून भिंतीला धडक दिली. तिघांच्याही नजरा सिस्टरकडे वळल्या. सिस्टरने पेनाचं टोपण लावलं.

"आठ तास झाले," ती म्हणाली.

कुणाला काही समजेना. तिने वही फिरवून दाखवली. दालनांची नावं, आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सगळं ओळीत. सकाळी सातला गुहेत शिरल्यापासून मोजलं तर तिथे तीन वाजून एक मिनिट झालं होतं.

"ताई, अहो मी मरतेय इथे," भावजय म्हणाली.

"वाईट वाटतं. उद्या सकाळी ओपीडीत या."

हे वाक्य उच्चारताना तिला जे सुख झालं ते सांगता येणार नाही. बावीस वर्षं घशाशी येऊन परत गेलेलं ते वाक्य होतं. मित्राने हात जोडले, खेचराची शपथ घातली. सिस्टर खुर्चीत मागे टेकली, पाय समोरच्या स्टुलावर ठेवले आणि भावाला म्हणाली, की माझी क्लेरिक गुहेबाहेर एका दगडावर बसलीय, उन्हात, आणि तिला कुणी हाक मारायची नाही.

भाऊ एकीकडे खूश होता, कारण त्याचा कोळी एकदाचा जिंकत होता. पण बायको मरू लागल्यावर घरात पुढे काय होईल याचाही त्याला अंदाज होता. त्याने सिस्टरचा कागद उचलला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. मग तो हळूच हसला.

"ताई, ही तिसरी ओळ तुझ्याच हातची ना?"

सिस्टरने पाय खाली घेतले.

"'रिलीव्हरने येऊन चार्ज घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही,'" भावाने वाचलं. "रिलीव्हर कुठाय?"

सिस्टरने कागद हातात घेऊन पाहिला. अक्षर तिचंच, सही तिची, वेळसुद्धा तिनेच घातलेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. जगातला कुठलाही देव निवडायची मुभा होती, आणि तिने स्वतःच्या हाताने त्या देवाला मेट्रनबाईंचा नियम लावला होता. जिथे म्हणून पळून जावं तिथे आपण आपल्याला आधीच कामाला लावून ठेवतो, हे तिला लख्ख दिसलं आणि खरोखर रडू आलं. ते तिने नाक ओढून परतवलं. भावाचं हसू मावळलं. जाऊ दे गं ताई, खोडून टाक ती ओळ, असं तो पुटपुटला. पण लिहिलेलं खोडायचं नाही, हाही वॉर्डाचा नियम होता.

"फासा दे इकडे," ती म्हणाली. क्लेरिक दगडावरून उठली आणि गुहेत परत गेली. आधी बेशुद्ध, मग विषबाधा, मग खेचर, असा क्रमही तिने लावून टाकला.

नेमका तेव्हाच फोन वाजला. मेट्रनबाई होत्या. संध्याकाळची सिस्टर आली नव्हती. तुम्ही जरा येऊन जाल का. "जरा" म्हणजे दहा तास, हे त्या घराला पाठ होतं. भावजयीने मुकाट्याने सिस्टरची पर्स आणून ठेवली.

सिस्टर मात्र अजून गुहेतच होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात वीस बाजूंचा फासा, आणि समोर आ वासून कोळी.

"मला येता येणार नाही, मॅडम," ती म्हणाली. "मी ड्यूटीवर आहे. रिलीव्हर आलेली नाही."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. पण यात खोटं काय, हे तिने मनाशी तपासलं आणि तिला काही सापडेना. कागद समोर होता, त्यावर सही होती.

नियम मेट्रनबाईंचाच, तो मोडायला त्या तरी कशा सांगणार? "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जागा सोडू नका. मी शेजारच्या वॉर्डातून एकीला पाठवते."

म्हणजे शेजारच्या वॉर्डातून पाठवता येत होतं. बावीस वर्षं. सिस्टरने फासा टेबलावर ठेवला, अगदी सावकाश.

मेट्रनबाईंनी मात्र फोन ठेवला नव्हता. "सिस्टर," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुसरीकडे लागलात, तर मला सांगायचं तरी. किती पेशंट आहेत तिथे?"

"तीन, मॅडम. एक बेशुद्ध आहे, एक विषबाधेची." खोटं बोलायचं नाही म्हणून तिने पुढचंही सांगून टाकलं. "तिसरं खेचर आहे."

"असतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "आपल्याकडे काय कमी आहेत?" मग त्यांनी हिशेब केला. "तिघांना एक सिस्टर?"

"हो."

मेट्रनबाईंच्या वॉर्डात अडतिसांना एक होती. पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"तिथे आणखी जागा असेल का हो एखादी?"

सिस्टरने भावाकडे पाहिलं. भावाने सगळं ऐकलं होतं. त्याने कोरा कागद पुढे ओढून पेन्सिल हातात घेतलीच होती.

"आहे, मॅडम," ती म्हणाली. "रिलीव्हरची."

"अर्ज कुणाच्या नावे करू?" मेट्रनबाईंनी विचारलं.