जिन्याखालचा इतिहास

थोरल्याची ही खोड जन्मापासूनची. काहीही करायचं ठरलं की आधी गल्लीला सांगायचं, मग ऑफिसला, मग बायकोला, आणि सगळं उरकल्यावर आईला. लग्नाचा होकारसुद्धा त्याने मुलीकडच्यांना आधी कळवला होता, आईला मागाहून. आता सत्तावन्न वर्षांचा आणि डोक्यावर मोजून चार केस उरलेला हा गृहस्थ राहतं घर 'ऐतिहासिक वास्तू' करायला निघाला होता, आणि ही बातमी घराच्या मालकिणीला, म्हणजे आईला, दिली कोणी, तर गवंड्याने.

गल्लीत तिला फौजदारीण म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर पडेल अशा बेताने. तिलाही ते नाव पसंत होतं. शाळा दुसरीतच सुटली होती, पण समोरच्याला वाचायला तिला अक्षरं लागत नसत.

गवंडी परसात संडास बांधत होता. घरात संडास एकच, आणि तो वरच्या मजल्यावर. चौदा पायऱ्या. फौजदारणीच्या दोन्ही गुडघ्यांनी गेल्या वर्षीच हात टेकले होते. रोज सकाळी ती कठडा धरून वर जाई तेव्हा पायरीगणिक एक शिवी हासडी, आणि एकही शिवी दुसऱ्यांदा वापरत नसे. सुनेने एकदा चाचरत विचारलं होतं, "आई, तुमच्या खोलीतच एखादं भांडं ठेवू का?"

"ठेव की. आणि मी गेल्यावर त्यातच तुळस लाव," फौजदारीण म्हणाली होती. त्यानंतर भांड्याचा विषय कोणी काढला नाही.

तर पाया खणून झाला, विटा येऊन पडल्या, आणि मंगळवारी सकाळी गवंडी थापी पिशवीत घालू लागला.

"का रे, कुठे निघालास?"

"आजी, दारावर कागद लागलाय. घराची चौकशी चाललीय म्हणे. निकाल लागेस्तोवर एक वीटही हलवायची नाही. माझंच नाव पुढे यायचं."

"कोणी लावला कागद?"

गवंड्याने जिन्याखालच्या खोलीकडे नुसती हनुवटी उडवली.

जिन्याखालची ती खोली म्हणजे थोरल्याची अभ्यासिका. बारा वर्षांपूर्वी त्याने ती स्वतःसाठी करून घेतली होती, घराण्याचा इतिहास लिहायला. अजून पहिलं प्रकरण चालू होतं. आत टेबल, पुस्तकांच्या चळती आणि चाकांची एक खुर्ची होती. या खुर्चीला एक विचित्र सवय होती. थोरला टेकला की ती आपोआप मागे सरकत डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबे. थोरला सुताराला दोष देई. फौजदारीण ऐके, आणि पदर तोंडाला लावून गप्प बसे.

"आई, तुला समजत नाहीये," थोरला खुर्चीच्या चाकाखाली शब्दकोश सारत म्हणाला. "पलीकडच्या गल्लीत त्या ड्रॉइंगमास्तरच्या घरावर 'ऐतिहासिक' म्हणून पाटी लागली. त्याच्या घराला काय आहे? नुसत्या खिडक्या! आपल्याकडे तर थोर वक्ते येऊन गेलेत. बाबा नेहमी सांगायचे."

"तुझे बाबा त्या दिवशी गावाला गेले होते."

"पण आलेले ना वक्ते?"

"आलेले."

"झालं तर! बघ मी अर्जात काय लिहिलंय." त्याने घसा खाकरून वाचलं, "'सभेस जाताना थोर वक्ते या वास्तूत थांबले व त्यांनी येथे काही क्षण एकांतात व्यतीत केले.'"

फौजदारीण त्याच्याकडे बघतच राहिली. "असं लिहिलंस?"

"आवडलं ना?"

"फार छान. आणि माझ्या संडासाचं काय?"

"आई, इतिहास घडतोय आणि तू संडास काय घेऊन बसलीस!"

"घेऊन नाही बसले रे. बसायला मिळत नाही, तेच सांगतेय."

पुढच्या आठवड्यात अर्जाची चौकशी करायला वारसा समितीची बाई आली. खांद्याला पिशवी, हातात वही आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. थोरल्याने नवा सदरा घातला होता आणि आईला बजावून ठेवलं होतं, "विचारल्याशिवाय बोलू नकोस." बाईने मोजणीच्या फितीचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. मग तो घरभर मान तिरकी करून भिंतींना चिकटत फिरू लागला. फौजदारीण काठी टेकत मागोमाग.

स्वयंपाकघरात बाई थबकली. भिंतीत वर हातभर भोक होतं.

"हे पारंपरिक गवाक्ष," थोरला फीत धरल्या जागेवरून म्हणाला. "हवा खेळती राहावी म्हणून पूर्वज—"

"कसले पूर्वज? मी पाडलंय ते, पहारीने," फौजदारणीला राहवेना. "सासूबाई दोन दिवस लग्नाला गेल्या होत्या तेव्हा. धुराने डोळे फुटायची वेळ आली होती माझी. आता त्यातून कबुतरं येतात. यंदा बुजवणार आहे."

तिला वाटलं, खरं सांगितलं की बाई पिशवी उचलेल, कागद फाडेल आणि गवंडी परत येईल. पण बाईचा चेहरा उजळला.

"किती वर्षं झाली, आजी?"

"पंचावन्न."

"मग ते बुजवता येणार नाही. आमचा नियमच आहे. पन्नास वर्षांवरचं जे असेल ते जसंच्या तसं जपायचं. त्यानंतरचं जे असेल ते काढून मूळ स्वरूप आणायचं."

"मी पंच्याहत्तरची आहे," फौजदारीण म्हणाली. "मला जपायचं कोणी, ते आहे का त्या नियमात?"

बाईने तेही लिहून घेतलं. फौजदारीण कपाळाला हात लावून बसली. मागचा मोडका ओटा, बैठकीतली वाकडी खुंटी, ज्याची ज्याची तिने खरी हकीकत सांगितली ते ते वहीत जाऊन अमर झालं. परसातला नवा खड्डा पाहून बाईने जीभ चावली. "इथे नवं बांधकाम? छे छे, शक्यच नाही."

थोरला आईकडे बघून हसला. ते हसू त्याला फार महागात पडलं.

"आणि वक्त्यांनी एकांतात वेळ घालवला, तो नेमका कुठे?" बाईने विचारलं.

बाबांनी जागा काही सांगितली नव्हती. पण थोरला कुठे अडणार? "इथेच!" त्याने अभ्यासिकेचं दार उघडलं. "अगदी याच जागी. बसा ना, म्हणजे तुम्हालाही जाणवेल."

बाई भक्तिभावाने खुर्चीत बसली. शब्दकोश निसटला. वही छातीशी धरून बाई सरसर मागे गेली आणि डाव्या कोपऱ्यात भिंतीवर आदळली.

"इथली जमीन उतरती का आहे?" चष्मा सावरत तिने विचारलं.

"सुताराने..." थोरला म्हणाला.

"जमिनीला सुतार?"

थोरल्याचा चेहरा उतरला. "आई, तू आत जा बरं."

"ती विचारतेय ना? मग बोलू दे की." फौजदारीण उंबऱ्यावर ऐसपैस बसली. "बाई, पोरगा पहिल्यांदाच खरं बोलला. अगदी याच जागी. मी नवी नवरी होते. दाराशी गाडी थांबली, हे भलेमोठे वक्ते घाम पुसत आत आले आणि सासूबाईंना म्हणाले, 'माई, कुठे सोय आहे का?' मीच पाण्याची बादली भरून दिली. आत गेले, काही क्षण एकांतात घालवले, बाहेर आले, हात जोडले आणि सभेला गेले. कोपऱ्यात मोरीचं तोंड आहे. म्हणून उतार. यानेच बारा वर्षांपूर्वी बुजवलं, वर फरशी घातली, आधी इथे काय होतं ते सोयीने विसरला आणि आम्हाला चौदा पायऱ्या चढायला लावल्या."

बाईने वहीचं पान उलटलं. "म्हणजे ही अभ्यासिका बारा वर्षांचीच?"

"आणि वरचा संडाससुद्धा," फौजदारीण म्हणाली. लपवायचं कशाला?

दीड महिन्यात हुकूम आला. घर ऐतिहासिक ठरलं. जिन्याखालची खोली मूळ स्वरूपात आणावी, वरच्या मजल्यावरचं अलीकडचं बांधकाम काढून टाकावं. गवंडी थापी घेऊन हजर झाला, या वेळी समितीच्याच कागदावर. थोरला पुस्तकांच्या चळती उरावर घेऊन चौदा पायऱ्या चढत होता. मोकळी खोली आता वरच होती, आणि ती पूर्वी काय होती हे कोणी त्याला आठवण करून देत नव्हतं. फौजदारीण सोडून.

पाटी आली, पितळेची. समितीने अर्जातलं वाक्य जसंच्या तसं कोरलं होतं आणि हुकमाप्रमाणे ती नेमक्या जागी, संडासाच्या दारावर ठोकली होती. फौजदारणीने बोट फिरवत एकेक अक्षर जोडून ती सबंध वाचली, काठी बाहेर टेकून ठेवली आणि एकही पायरी न चढता, एकही शिवी न देता आत गेली.

घरात आता संडास तेवढाच. थोड्या वेळाने दार वाजलं.

"आई, किती वेळ? मला ऑफिस आहे."

"थांब."

"आई, अगं वीस मिनिटं झाली!"

आतून बादलीचा आवाज आला आणि मागोमाग फौजदारणीचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"बारा वर्षं बसलास रे इथे, आणि एक प्रकरण संपवता आलं नाही तुला. तो बिचारा पाच मिनिटं बसला आणि काम उरकून गेला. म्हणून पाटी त्याची लागली, तुझी नाही!"