पहिल्या वाक्याची पडताळणी

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कंपालातल्या एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात जोव्हिया अतुहेइरे या उमेदवाराने पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतलं पहिलं वाक्य उच्चारलं. वाक्य असं होतं : "सर्व शिष्टाचार पाळले गेले आहेत." दुसरं वाक्य अद्याप झालेलं नाही.

हे वाक्य या शहराला नवं नाही. लग्न असो, दफन असो की हातपंपाचं उद्घाटन, पहिला वक्ता उपस्थित मान्यवरांची नावं मानाच्या क्रमाने घेतो. त्यात जेवणाची वेळ होते. मग उरलेले वक्ते हे एक वाक्य टाकतात आणि मोकळे होतात. मंगळवारी नावं घेण्याची जबाबदारी सूत्रसंचालकावर होती. ते एन्टेबीला वेळेच्या नियोजनाच्या कार्यशाळेला गेले होते आणि तिथे अडकले होते. त्यामुळे पहिली बोलणारी जोव्हियाच ठरली.

तिला घाई होती. म्बारारातल्या कॉलेजात व्याख्यातीची जागा तिच्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत राखून ठेवलेली होती. तोवर उत्तीर्ण झाल्याचा दाखला पोचला नाही, तर ती जागा 'पात्र स्थानिक उमेदवार उपलब्ध नाही' अशा शेऱ्यासह एका परदेशी तज्ज्ञाकडे जाणार होती. आफ्रिकेचे अर्थतज्ज्ञ आफ्रिकेतच घडावेत यासाठी स्थापन झालेल्या क्षमता संघाने जोव्हियाला शिष्यवृत्ती दिली होती. परीक्षाही संघाचीच होती.

"पाळले गेले आहेत?" परीक्षा मंडळाचे अध्यक्ष प्रा. सेन्टोंगो यांनी चष्मा कपाळावर नेला. "कोणी पाळले?"

"सर, ते... म्हणायची पद्धत आहे."

"पद्धत प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात येते. मी स्रोत विचारतोय."

लुसाकाहून आलेले बाह्य परीक्षक डॉ. चिसांगा यांनी मान हलवली. "मी इथे नऊपासून आहे. माझं नाव कोणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही."

"तुम्ही दहाला आलात, डॉक्टर," सेन्टोंगो म्हणाले.

"नऊपासून येत होतो."

जोव्हिया म्हणाली, "मग आत्ता घेते ना नावं. दोन मिनिटांचं काम आहे, सर."

"म्हणजे निष्कर्ष आधी आणि पुरावा मागाहून? मुली, ही पीएच.डी. आहे."

"अर्थखात्यात चालतं," चिसांगा म्हणाले.

"म्हणून तर तिथली माणसं आपल्याकडे प्रशिक्षणाला येतात."

"मग मी वाक्य मागे घेते, सर."

"गैरसोयीचं ठरलेलं विधान गुपचूप मागे घ्यायचं? याला काय म्हणतात, ठाऊक आहे?" ठाऊक कोणालाच नव्हतं, पण सगळे गंभीर झाले. विधानाची स्वतंत्र पडताळणी होईपर्यंत परीक्षा तहकूब न करता नुसती थांबवावी, असा ठराव झाला.

पहिला प्रश्न 'सर्व' म्हणजे कोण, हा होता. खोलीतली माणसं मोजून होतात तोच दारात वस्तीप्रमुख लुब्वामा उभे राहिले. विभाग त्यांच्या हद्दीत येतो, आणि परीक्षकांसाठी मागवलेल्या समोशांचा वासही हद्द ओलांडून गेला होता.

"माझ्या वस्तीत कोणी माइक हातात घेतं आणि मला कळवत नाही?"

"माइक नाहीये, साहेब," जोव्हिया म्हणाली.

"म्हणजे तेही नीट केलं नाही."

वस्तीप्रमुख 'सर्व'मध्ये आले. मग मानाचा क्रम ठरवायचा होता. वय, पदवी आणि गाई यांना योग्य भार देऊन एक निर्देशांक तयार करण्यात आला. त्यात लुब्वामा पहिले आले. क्षमता संघाला पैसा पुरवणाऱ्या युरोपीय निधीचे प्रतिनिधी हेन्रिक यांच्याकडे एकही गाय नसल्याचं निष्पन्न झालं, तेव्हा कोणीतरी समोशांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

हेन्रिक मात्र खूश होते. "शिष्टाचार पाळला गेला की नाही, हे शास्त्रशुद्ध सांगणारा एकही तज्ज्ञ या खंडात नाही? केवढी मोठी दरी आहे ही क्षमतेतली! केवढी सुंदर दरी!" वर्षअखेरीच्या आत संपवायची बरीच रक्कम त्यांच्याकडे शिल्लक होती. दुपारच्या चहापर्यंत शिष्टाचार पडताळणी क्षमता संवर्धन कार्यक्रम मंजूर झाला : अकरा देश, पाच वर्षं, एक पदव्युत्तर पदविका.

बुधवारी त्याची उद्घाटनाची कार्यशाळा झाली. पडताळणीची रीत अजून ठरलेली नसल्याने पहिलं वाक्य बोलायला कोणी धजेना. पाहुणे जेवणापर्यंत गप्प बसले, मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण जेवले आणि घरी गेले. अभिप्रायात सर्वांनी पैकीच्या पैकी गुण दिले. इतकं स्पष्ट मार्गदर्शन याआधी कधी मिळालं नव्हतं, असं काहींनी लिहिलं.

पदविकेला पहिली विद्यार्थिनी म्हणून जोव्हियाचं नाव घालण्यात आलं, कारण या क्षेत्रातला प्रत्यक्ष अनुभव तिलाच होता. गुरुवारी तिने प्रा. सेन्टोंगो यांना जिन्यात गाठलं.

"सर, माझी जागा जाईल."

"जागा येतात नि जातात, मुली. क्षमता टिकते."

"पण क्षमता आहे ना माझ्यात? चार वर्षं तुम्हीच शिकवलंत."

"आहे की! नसती तर वाढवली कशी असती?"

त्याच संध्याकाळी म्बाराराहून तिच्या आईचा फोन आला. "झालीस का डॉक्टर?"

"नाही गं आई. पहिल्या वाक्यावर आहे."

"चार वर्षांत एक वाक्य? शेजारच्या केमिगिशाची पोर न शिकता सकाळपासून दुपारपर्यंत त्याहून जास्त बोलते." मग आई म्हणाली, "कॉलेजातला शिपाई आला होता. तुझ्या खोलीला पडदे लावू का, विचारत होता. त्या गोऱ्या माणसाला निळे आवडतात म्हणे."

जोव्हियाने फोन ठेवला आणि रात्रभर जागून पडताळणीचा अहवाल स्वतःच लिहून काढला. शुक्रवारी सकाळी परीक्षा मंडळाने तो स्वीकारला. 'पहिलं वाक्य खरं असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही,' असा त्याचा निष्कर्ष आहे. क्षमता संघाच्या इतिहासात इतका ठाम निष्कर्ष प्रथमच निघाल्याचं डॉ. चिसांगा यांनी सांगितलं. अहवाल मान्य झाल्याने उरलेली परीक्षा झाली असं समजावं, असंही ठरलं. दाखल्याचा मसुदा तयार झाला. त्यावर फक्त मानक्रमात पहिल्या असलेल्या व्यक्तीची सही हवी होती.

वस्तीप्रमुख लुब्वामा त्या वेळी मसाका रस्त्यावरच्या एका गावी दफनाला गेले होते. जोव्हिया भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून तिथे पोचली. मांडवात भाषणं चालू होती. तिने दुरून कागद दाखवला. लुब्वामांनी हातानेच थांबायला सांगितलं.

"एक सही, साहेब! पाचच्या आत पाठवायचंय," ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली.

"करतो ना, बाळ. पण आत्ता उठलो आणि नेमकं माझंच नाव आलं तर? मेलेल्या माणसाला काय वाटेल?"

शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता, हा मजकूर छापायला गेला तेव्हा, पहिला वक्ता मयताच्या आजोळच्या मंडळींपर्यंत आला होता. जोव्हिया मांडवाच्या कडेला पेनचं टोपण काढून उभी होती.

या परीक्षेची पहिली बातमी बुधवारच्या अंकात आली. तेव्हापासून आमच्या कार्यालयात वाचकांचे फोन सतत येत आहेत. उमेदवाराचं काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. वस्तीप्रमुखांचं नाव बाह्य परीक्षकाच्या नंतर का छापलं, एवढंच सगळे विचारतात. वाचकांच्या भावना लक्षात घेऊन नावांचा सुधारित क्रम पहिल्या पानावर घेण्यात येत आहे. त्यासाठी जागा करताना उमेदवाराची बातमी तिथून काढावी लागली.