पाच मिनिटं गप्प

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचा बसलेला नाही," तपासनीस काका म्हणाले, आणि तिथंच त्यांचे ग्रह फिरले.

एका संशोधनासाठी वीस निरोगी गरोदर बायकांच्या हातातली रक्तवाहिनी किती लवचिक असते, हे प्रत्येकीच्या गरोदरपणात चारदा मोजायचं काम काकांकडे होतं. कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग पट्टा सोडून वाहिनी किती रुंदावते ते दोन मिनिटं सोनोग्राफीच्या पडद्यावर बघायचं. तोवर बाईनं उपाशीपोटी, न हलता, न बोलता पडून राहायचं. एकोणीस बायका पार पडल्या होत्या. ही विसावी, दिवस भरत आलेली. आजची शेवटची मोजणी हुकली की तिच्या आधीच्या तिन्ही मोजण्या पाण्यात, आणि वीस पूर्ण न झाल्यामुळे काकांचं वर्षभराचं काम केरात.

सकाळपासून दोनदा घोडं पेंड खाऊन बसलं होतं. पहिल्यांदा चौथ्या मिनिटाला सासूबाईंनीच पट्टा सोडला. "सुनेचा हात निळा पडला आणि हे घड्याळ बघत बसलेत." त्यांची रवानगी बाहेर झाली. अर्ध्या तासानं पुन्हा पट्टा आवळला, तर बाळानं पोटात अशी लाथ हाणली की बाईनं हातच झटकला.

"काका, आता शेवटचं हं," ती म्हणाली होती. "यानंतर मी जेवणार. दारात आडवे पडलात तर ओलांडून जाईन."

"मग तुम्ही बोलू नका. मी बोलतो."

काकांनी तिसऱ्यांदा पट्टा आवळला. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"एक बाई आली होती. पट्टा सोडला तशी तिची वाहिनी फुगली, ती पडद्यात मावेना. उरलेली शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर दिसायला लागली. तिथं एक गृहस्थ मूतखडा तपासायला आलेले. डॉक्टर त्यांना म्हणाले, तुमच्या पोटातून नदी वाहते, घरच्यांना बोलवून घ्या."

बाईनं ओठ घट्ट मिटले. पाच मिनिटं भरली. काकांनी पट्टा सोडला. पडद्यावर वाहिनीच्या दोन रेघा रुळांसारख्या सरळ. आता फक्त दोन मिनिटं. शहाणा माणूस इथं थांबला असता. पण काकांनी जन्मात एक थाप अर्धवट सोडली नव्हती.

"त्या गडबडीत तिला कळा आल्या. पहिल्या मिनिटाला मुलगा, दुसऱ्याला मुलगी. पण माझे दोन्ही हात यंत्रावर, तसूभर हलले नाहीत. मोजणी पुरी घेतली."

बाई ताडकन कोपरावर उठली. पडद्यावरच्या रेघा गेल्या, नुसता धुरळा उरला.

"साफ थाप, काका. दोन्ही हात यंत्रावर, तर पोरं झेलली कुणी?"