सेरवाचा निरोप

संगणकावरचं कोणतंही काम एका ओळीत होतं, असं अजेकुम मास्तरांचं ठाम मत होतं. माऊस ही आळशी माणसाची सोय. आपण काळी खिडकी उघडावी, हुकूम टाईप करावा, एंटर दाबावं आणि मोकळं व्हावं. घानातल्या माम्पाँगच्या कॉलेजात तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. घरीही ते हे इतक्या वेळा ऐकवत की त्यांची बायको सेरवा म्हणायची, "मग एका ओळीत भांडी घासून दाखवा."

सेरवा वारून चौदा महिने झाले होते. त्याआधी एका मंगळवारी, ती अक्राला बहिणीकडे गेली असताना, तिने मास्तरांच्या फोनवर एक निरोप बोलून पाठवला होता. तिचा आवाज तेवढ्यातच उरला होता. तो फोन पुढे हरवला, पण त्यातलं सगळं मास्तरांनी आधीच चॅपलच्या संगणकावर उतरवून ठेवलं होतं. तो संगणक तेच सांभाळत, तोही घरबसल्या. टाईप इकडे करायचं, काम तिकडे व्हायचं. अडचण एवढीच, की तिथे चाळीस हजार फायली होत्या आणि त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे.

शनिवारी दुपारी मास्तर घरून चॅपलच्या संगणकात शिरले. फक्त आवाजाच्या फायली, त्यातही फक्त त्या मंगळवारच्या, असा हुकूम त्यांनी सोडला. चाळीस हजारांतून एकच नाव वर आलं. मास्तरांनी ती फाईल वाजवायला सांगितली.

काहीच ऐकू येईना.

पुन्हा सांगितलं. शांतता. फाईल रिकामी असली तर? त्यांनी आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला. तरी शांतता. मग त्यांनी आपली सगळ्यात लाडकी ओळ लिहिली: मी थांब म्हणेपर्यंत हेच करत राहा. आणि लॅपटॉपला कान लावून बसले, वैद्याने छातीला लावावा तसा.

फोन दोनदा वाजला, त्यांनी कापला. तिसऱ्यांदा चिडून उचलला. चॅपलच्या गायकवृंदाच्या प्रमुख बोआतेमाताई होत्या.

"मास्तर, आमची तालीम चाललीय आणि तुमची बायको मध्येच बोलतेय."

मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. काळी खिडकी घरची असो की चॅपलची, दिसते सारखीच. ते अजून चॅपलच्याच संगणकात होते, आणि तो चार मोठ्या कर्ण्यांना जोडलेला होता.

"काय म्हणतेय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोन्तोमिरेची भाजी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे, ती पातेल्यातून बोटांनी खाऊ नका. तपकिरी पँट मागून उसवलीय, ती घालून चॅपलला जाऊ नका. आणि जेवलात का ते कळवा. बारा वेळा झालं. बाजारातल्या बायका दाराशी जमल्यात. पँटचं खरं आहे, असं मागच्या बाकावरची मंडळी सांगतायत."

"बंद करू नका, ताई."

"आम्हाला कुठे येतंय बंद करायला?"

घरूनच दोन बटणं दाबून थांबवता आलं असतं. मास्तरांनी बोटं कीबोर्डवर नेली आणि मागे घेतली. चपला अडकवून ते निघाले ते जवळजवळ धावतच. याम कंदांच्या दुकानांपाशी पोचले तेव्हाच ऐकू आलं, "जेवलात का ते कळवा." दुकानदारीण म्हणाली, "मास्तर, जेवलात का? सांगून टाका बाई तिला."

चॅपलमध्ये गायकवृंदातल्या चौदा बायका वह्या मिटून उभ्या होत्या. कुणी हसत नव्हतं. बोआतेमाताईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"एकतिसाव्यांदा चाललंय. बंद कसं करायचं?"

मास्तरांनी संगणकाकडे पाहिलं. "वेळ लागेल," ते म्हणाले. "फार अवघड काम आहे."

"लागू दे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना बसायची खूण केली.

तालीम न झालेला गायकवृंद रविवारी इतका बेसूर गायला, की पाद्रीबाबांनी एक कडवं आधीच आमेन म्हणून टाकलं. मास्तर मात्र दाराशी उभे राहून एकेकीचा हात हातात घेत होते. इतकं सुंदर गाणं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, असं त्यांनी चौदाही जणींना सांगितलं, आणि त्यांना ते खरंच तसं वाटलं होतं.