शालूकाकीला पुरावा लागतो

शालूकाकीला कुणी "आज सोमवार" असं सांगितलं, तरी ती विचारते, "पुरावो खंय आसा?" सांगणारा मुकाट्याने कॅलेंडर दाखवतो. त्यावरही तिचं समाधान होईलच असं नाही. कॅलेंडर छापणाराही शेवटी माणूसच.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात तिच्या नि आमच्या अंगणामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. मी सांगलीहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला अदबीने "तुम्ही बसा ना" म्हटलं. तिने मागे वळून पाहिलं. "तुमी म्हणजे कोण गो? हयसर मी एकटीच आसंय." तेव्हापासून मी तिला "तू" म्हणते आणि ती मला "बाय".

काकीला नवरा नाही, मूल नाही आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. भटजींनी मुहूर्त सांगितला की ती पुरावा मागते. सरपंचांनी नळाची वेळ बदलली की त्यांच्याकडेही मागते. काजूच्या दिवसांत ती ओटीवर बसून ओल्या बिया चिरते आणि आतले गर बाजारात विकते. त्या बियांचा चीक कातडी जाळतो म्हणून बाकीच्या बायका हाताला राख फासून बसतात. काकी तशीच बसते. "चाळीस वर्सा झाली. माका काय झाला? दाखय!" तिची बोटं काळीठिक्कर आणि चिऱ्यासारखी टणक झालीत, पण हा पुरावा तिला चालत नाही.

यंदा त्याच दिवसांत माझ्या दीड वर्षाच्या सईच्या गालांवर आणि हनुवटीवर लालभडक पुरळ उठलं. पोर खाजवून खाजवून रडायची, घास तोंडात घ्यायची नाही. माझा जीव अर्धा झाला. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. नवरा म्हणाला, बांगड्याने झालं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "हिच्या कातडीला काहीतरी लागतंय. काय ते शोधा."

बांगड्याचं नाव निघताच गडग्यापलीकडून आवाज आला, "बांगड्याक नाव ठेव नको! चेडू काय गालान खाता बांगडो?"

तपास काकीने स्वतःकडे घेतला. साबण, तेल, पावडर, नाचणीचं सत्त्व, सगळं थोडं थोडं घेऊन गेली. डाव्या हातावर पेनाने गोल काढले, एकेका गोलात एकेक वस्तू चोळली आणि दोन दिवस त्या हाताला पाणी लागू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी हात माझ्या नाकासमोर धरून जाहीर केलं, "सगळी सुटली!"

"काकी, तुझ्या कातडीवर निखारा ठेवला तरी काही उठायचं नाही," मी म्हटलं.

"पुरावो?"

पुरळ उठलं की कॅलेंडरवर लाल फुली, निवळलं की काही नाही, असा हिशेब तिने सुरू केला. रोज संध्याकाळी काम आटोपून यायची, सईला मांडीवर घ्यायची, पदराने तिचं तोंड पुसायची, दोन्ही गाल बोटांत धरायची आणि मग फुली मारायची.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, गुण येत नाही तर पोरीला घेऊन माहेरी जा, पावसाळा संपेपर्यंत राहा. काकी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चेडू खंय जावचा नाय. चोर हयसरच आसा. गावतलो!"

मध्येच ती चार दिवस कसालला भाचीच्या लग्नाला गेली. सईचे गाल निवळले. मी मलमाला धन्यवाद दिले. काकी परतली आणि दोन दिवसांत पुरळ पुन्हा हजर. तिच्या जाण्यायेण्याचा आणि पुरळाचा मेळ मला लागला नाही. तो तिला लागला.

त्या संध्याकाळी ती आमच्या ओटीवर चढली नाही. अंगणातच उभी राहिली, काखेत कॅलेंडर.

"बाय, चोर गावलो."

"कोण?"

तिने दोन्ही हात पुढे केले. "ह्ये. चीक नखांत रवता, पदराक लागता. त्याच पदरान मी चेडवाचा तोंड पुसतंय."

मला एकदम राग आला, कुणाचा ते कळेना. "काहीतरीच! चाळीस वर्षांत तुला काही झालं नाही म्हणतेस ना?"

"माझी कातडी मेली. चेडवाची जिती आसा."

"पुरावा काय?" मी विचारलं.

तिने फुल्या दाखवल्या: ती कसालला होती ते दिवस कोरे, परतल्यावर पुन्हा लाल. मी हटले नाही. सईवर पुन्हा करून बघायचं नाही, एवढ्यावर दोघींचं एकमत होतं. मी माझं मनगट पुढे केलं आणि म्हटलं, घास पदर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनगट लाल होऊन फुललं होतं. मी लांब बाह्यांचा कुर्ता घातला आणि गडग्याशी गेले. "बघ, काही नाही उठलं. सुटलीस तू."

"बाही वर कर."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"बाही वर कर, बाय."

केली. तिने मनगट नीट पाहिलं, हात मात्र लावला नाही. मग घरात जाऊन दार लोटून घेतलं. मी गडग्याशी उभी राहून रडले. जिला घरी ठेवायचं म्हणून ही बाई सासूबाईंसमोर उभी ठाकली, तिलाच आता हिने जवळ घ्यायचं नाही.

काजू चिरणं तिला सोडता येत नाही, पोट त्यावर आहे. "हात धू, लुगडं बदल आणि ये," मी सांगून पाहिलं. "नखांतलो चीक गेलो, पुरावो खंय आसा?" आता रोज संध्याकाळी ती आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून गडग्यापलीकडे उभी राहते, हात पाठीमागे बांधून. सईचे गाल स्वच्छ झालेत. ती माझ्या कडेवरून काकीकडे झेपावते आणि काकी एक पाऊल मागे सरते.

परवा सई ऐकेना. गडग्यावर उभी केली तर पाय आपटून आपटून तिने सगळी आळी डोक्यावर घेतली. अखेर काकी पुढे आली, हात मागेच ठेवून वाकली. सईने फ्रॉकचं टोक उचलून काकीचं तोंड पुसलं आणि मग तिचे दोन्ही गाल चिमटीत धरले.

काकी डोळे मिटून तशीच वाकून राहिली. गाल ओले झाले तरी पुसायला हात पुढे आणला नाही.

"हिका ह्या कोणी शिकयल्यान गो?"

"तू."

काकीने पुरावा मागितला नाही.