आबांचं गाऱ्हाणं आणि मुंबईची वाटेकरीण

मुंबईच्या पाहुणीने चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार द्यायचा! त्यापुढे एक मिनिट नाही! दर्शनाने नवऱ्याला सकाळपासून हे चारदा ऐकवलं होतं. विनीतने चारही वेळा "हो हो" म्हटलं, कारण "बघू" म्हटलं असतं तर त्याला न्याहारी मिळाली नसती.

दर्शना मुळातच तापट. संगमेश्वरजवळच्या त्या गावात तिचा फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा धंदा होता. पडवीत सुरू झालेला, आता पत्र्याच्या शेडपर्यंत आलेला. पण एक कढई आणि पाच बाया कुठे कुठे पुऱ्या पडणार? दर मे महिन्यात अर्ध्या गावाचे फणस झाडाखालीच कुजायचे, आणि रत्नागिरीच्या दुकानांत परराज्यातले गरे ऐटीत मांडलेले असायचे. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची! मोठं यंत्र हवं होतं. बँक म्हणाली, तारण आणा. तारण म्हणजे जमीन, आणि जमिनीला भाऊबंद इतके, की सह्यांसाठी जत्राच भरवावी लागली असती!

मग देवरुखच्या एका शिबिरात तिला कळलं, की सरकारी परवाना असलेल्या गुंतवणूक कंपन्या असतात. त्या कर्ज देत नाहीत. धंद्यात हिस्सा घेतात आणि तो वाढवायला भांडवल देतात. तारण नाही, हप्ता नाही! दर्शनाने धंद्याची रीतसर कंपनी केली, अर्ज धाडला, आणि त्यात 'पंचवीस महिला कामगार' असं बेधडक ठोकून दिलं.

"अगं, पाच आहेत," विनीत म्हणाला.

"वाढल्यावर होणारच आहेत ना पंचवीस? मग आत्ताच लिहिलं तर बिघडलं कुठे?"

बिघडलं नाही. फक्त त्या गुंतवणूक कंपनीच्या वेदिका मॅडम मुंबईहून शेड बघायला निघाल्या!

झालं! दर्शनाने वाडीतल्या झाडून साऱ्या बायका गोळा केल्या, त्यांच्या डोक्यांवर जाळीच्या टोप्या चढवल्या आणि हातात सुऱ्या दिल्या. सखूकाकीचे गुडघे दुखत होते, म्हणून तिला खुर्ची देऊन सुपरवायझर केलं. आता धोका एकच उरला होता. सासरे!

सखारामआबा गावचं गाऱ्हाणं घालायचे. कुठलंही नवं काम निघालं, की आबा नारळ घेऊन देवाला सगळं खणखणीत आवाजात सांगत, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवापुढे आबा काही लपवत नसत. तोच तर घोळ होता!

"आबा, दापोलीला लेकीकडे, समीक्षाताईंकडे जाऊन या. नातवाची आठवण येत असेल तुम्हाला."

"माला? नाय बा."

"येतेय!" दर्शना गरजली आणि त्यांची पिशवी भरली.

दुपारी मॅडम आल्या. मालावर खूष, स्वच्छतेवर खूष, तेलावर तर फारच खूष! चहा आला. मॅडमनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "दर्शनाताई, मला वाटतं..."

"थांबा वो बाय!"

दारात आबा उभे! हातात नारळ!

"आबा! तुम्ही दापोलीला होतात ना?"

"येष्टीची वाट बघत व्हतो. तवर ह्या बायनं माला आपल्याच घराचा रस्ता इचारला. म्हनली, गऱ्यांच्या धंद्यात वाटा घ्यायचाय. देवाला न सांगता वाटेकरी घेतंस?"

दर्शनाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पत्र्याकडे पाहत होता. तोवर आबांनी चपला काढून नारळ कपाळाला लावलासुद्धा!

"बा देवा म्हाराजा! आज मुंबयची बाय वाटेकरीन म्हनून दारात आलीय. तिला समदा खरा कलू दे!"

"व्हय म्हाराजा!" टोपीवाल्या साऱ्या बायका सवयीने उभ्या राहिल्या. सखूकाकीसुद्धा!

"ह्या शेडात कामाला बाया पाच. बाकीच्या टोप्या घालून बसल्यात, त्यांना घरी सैपाक हाय. त्यांची लवकर सुटका कर!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज सर्वांत मोठा होता.

दर्शनाने दात इतके आवळले, की तोंडातल्या गऱ्याचं पीठ झालं.

"गेल्या पावसात माल मऊ पडला. गिऱ्हाइकानं तो परत धाडला. सूनबायनं त्याला फोनवर जा काय ऐकवला, ता त्यानं इसरू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"सून तोंडाची फाटकी हाय, पन एकदा वापरलेला तेल पुन्ना कढईत घालीत नाय. तिला यश दे!"

"व्हय म्हाराजा," दर्शनाच्याही तोंडून निघून गेलं, आणि ती स्वतःवरच भडकली!

नारळ फुटला. मॅडमनी कप खाली ठेवला. तो खाली ठेवण्याचा आवाज ऐकला आणि दर्शनाचा बांध फुटला.

"आबा! तीन वर्षं कढईपुढे भाजतेय मी! यंदाही फणस झाडाखाली कुजणार, आणि ते तुमच्यामुळे! देवाच्या नावाने माझं वाटोळं केलंत तुम्ही!" तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. "आणि मॅडम, तुम्ही काय बघताय? जा! नसेल द्यायचं तर जा!"

आबा शांतपणे खोबऱ्याचे तुकडे करत होते. "वाटेकऱ्याला आदी समदा सांगावा. म्हंजे मागून भांडान नाय. आपल्या जमिनीच्या वाटनीला कुनी कुनाला समदा सांगितला नाय, म्हनून आज सह्या मिलत नायत."

 मॅडमनी समोरचा खोबऱ्याचा तुकडा घेतला.

"एवढा माल पाच जणींनी काढलात?"

"मग काय भुतांनी काढला?"

"मग तसंच लिहायचं ना! पंचवीस जणींत एवढाच माल निघतो, हे अर्जात बघून मी नकार द्यायला आले होते."

दर्शनाचा आ वासला तो वासलाच.

"मी शिफारस करते," मॅडम म्हणाल्या. "पण एक अट असते आमची. तुमच्या संचालक मंडळावर आमच्या वतीने एक जण बसतो. धंद्यात जे चाललंय, ते न लपवता सांगणारा माणूस लागतो आम्हाला." आणि त्या आबांकडे वळल्या.

"नाही!" दर्शना किंचाळली.

"बसतो की," आबा म्हणाले. "पन दर बैठकीला नारळ लागंल."

"व्हय म्हाराजा!" अख्खी शेड दणाणली.

त्यात सर्वांत मोठा आवाज विनीतचा होता. त्या दिवशी त्याला जेवण मिळालं नाही.