नसा मोकळ्या करणारे डॉक्टर

डॉ. नृसिंह हुपरीकरांनी अर्धी दाढी झालेली असताना दार उघडलं, तर बाहेर कट्ट्यावर सात-आठ माणसं बसलेली. कुणी दंड धरलेला, कुणी मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

"कोण पाहिजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमीच की!" सगळे एकदम उठले.

डॉक्टर घाबरले. त्याला कारण होतं. ते मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत. मृतदेह उघडून मुलांना आतलं दाखवायचं, हे त्यांचं काम. जिवंत माणसावर त्यांनी कधी इलाज केला नव्हता. घरात कुणाला साधा ताप आला तरी ते स्वतः कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणत. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या गल्लीला एवढंच ठाऊक होतं, की हे डॉक्टर आहेत आणि दवाखाना काढत नाहीत, म्हणजे घरचं बरं असणार.

घोटाळा झाला होता तो बातमीमुळे. नागपूरच्या परिषदेत डॉक्टरांचा मोठा गौरव झाला होता. मृतदेहाच्या हातातली नस न नस त्यांनी एकही न तुटू देता मोकळी केली होती आणि तो हात काचेच्या पेटीत मांडून नेला होता. ठिकठिकाणच्या प्राध्यापकांनी तो वाकून वाकून पाहिला. कोल्हापूरच्या एका बातमीदारानं हे सगळं नीट लिहून घेतलं. पण लोक सकाळी चहा पिता पिता पेपर वाचतात, तिथं 'मृतदेह' बरा दिसत नाही, म्हणून तेवढा शब्द त्यानं गाळला. छापून आलं ते असं : 'हाताच्या नसा मोकळ्या करण्यात हातखंडा! राजारामपुरीच्या डॉक्टरांचा नागपुरात गौरव.'

"हे बघा, मी इलाज करत नाही," डॉक्टर गालावरचा साबण पुसत म्हणाले.

"मोठी माणसं असंच म्हणत्यात," कागलहून आलेल्या इमामबी म्हणाल्या आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. "डॉक्टरसाब, रातभर मुंग्या येत्यात. बघा की."

हात समोर आला आणि डॉक्टरांचा नाइलाज झाला. सारा जन्म त्यांनी हातच शिकवला होता. "ही नस मानेतून निघते, दंडाच्या आतल्या अंगानं उतरते आणि इथं मनगटात अरुंद बोळातून जाते. तिथं दाबली की अंगठा आणि ही दोन बोटं बधिर होतात," ते बोलून गेले.

"या अल्ला! हीच बोटं!" इमामबी ओरडल्या. "हात न लावता वळखलं!"

डॉक्टरांनी हाडांच्या एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगून त्यांना तिकडे जायला सांगितलं. पण इमामबींना तिथल्या तिथंच बरं वाटलं. आपला आजार इतक्या निवांतपणे आजवर त्यांना कुणी समजावून सांगितला नव्हता. परतीच्या एस.टी.त त्यांनी ही हकिकत साऱ्या गाडीला ऐकवली. मग कागलची माणसं येऊ लागली, त्यांच्या मागोमाग पेठ वडगावची.

"अहो, कुणी गुळाची ढेप ठेवून गेलंय," डॉक्टरांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या.

"परत कर. मी काहीही केलेलं नाही."

"बरं वाटलं म्हणतात ना ते? मग तुमचं काय जातं?"

लीलाबाईंचंही चुकत नव्हतं. नवरा काय करतो, असं कुणी विचारलं की त्या इतकी वर्षं 'कॉलेजात असतात' म्हणून विषय बदलत. आता बायका आपण होऊन हळदीकुंकवाला बोलावत होत्या.

अशात गल्लीतल्या तालमीचे वस्ताद हंबीरराव येऊन उभे राहिले. साठी उलटलेला गडी. पण दार अजून भरून जाई. "डॉक्टर, ऐतवारी तुमचा सत्कार ठरलाय. मांडव घातलाय, फेटा आणलाय. न्हाय म्हणायचं न्हाय!"

"वस्ताद, पण माझं खरं काम..."

"ते भाषणात सांगा की!"

रविवारी चौक भरला. डॉक्टरांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मागच्या फलकावर पेंटरनं लिहिलं होतं, 'नसांचे जादूगार'. आपला खरा गौरव गल्लीत कुणाला कळला नाही, आणि जो कळला तो आपला नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. भाषणात सगळं सौम्य शब्दांत सांगून टाकायचं, असं त्यांनी घोकून ठेवलं होतं. पण ते उठायच्या आतच हंबीररावांनी सदऱ्याची बाही वर सारली.

"लोकहो, नुसतं भाषण नगं! ह्या कोपराला कुस्तीत मार बसलाय. तवापासनं करंगळी मेलीया. डॉक्टर, समद्यांदेखत ही नस मोकळी करा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर घोकलेलं सगळं विसरले आणि ध्वनिक्षेपकातून त्यांच्या तोंडून खरं निघालं, "वस्ताद, माझ्या हातून तुमची नस मोकळी व्हायची तर आधी तुम्हाला मरावं लागेल!"

वस्तादांनी बाही हळूच खाली ओढली. डॉक्टरांनी मग सगळंच सांगितलं. मृतदेह, काचेची पेटी, नागपूर. शेवटी म्हणाले, "जिवंतांचे डॉक्टर वेगळे. त्यांना माणूस आतून दाखवतो तो मी. आणि मला शिकवायला लागतो तो एखादा बेवारस गरीब जीव. माझा सत्कार खरं तर त्याचा आहे."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. ज्यांनी डॉक्टरांच्या हातून पेढा घेतला होता, त्यांनी तो हळूच खुर्चीखाली ठेवला. सत्कार आटोपला. घरी येताना लीलाबाई एवढंच म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण हळदीकुंकू झाल्यावर सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी कट्टा रिकामा होता. डॉक्टरांनी शांतपणे पुरी दाढी केली. बरंही वाटत होतं आणि चुटपुटही लागली होती. इतक्यात हंबीरराव आले. आज आवाज खाली होता.

"वस्ताद, काल बोलण्यात चूक झाली. रागावलात?"

"छ्या! रातभर इचार करतोय. आमी चौथीतनं शाळा सोडली. बा म्हणायचा, 'ह्यो काय कॉलेज बघत न्हाय.'" ते जवळ सरकले. "मेल्यावर मला तुमच्या कॉलेजात घेशीला का?"

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली. "वस्ताद, घरच्यांना विचारलंत?"

"इचारलं. बायको म्हणाली, जावा, पर आंघोळ करून जावा." मग वस्तादांनी बोट वर केलं. "पर एक अट हाय. हे अंग तालमीत घडवल्यालं हाय. आलतू-फालतू मास्तराच्या हातात द्यायचं न्हाय. तुमीच शिकवायचं."

"अहो, मी तर चार-पाच वर्षांत निवृत्त होतोय."

हंबीररावांनी छताकडं बघून हिशेब केला. "मग जरा लवकर आटपतो की!"

डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काही घाई करू नका, वस्ताद," ते म्हणाले. "मी मुदतवाढ मागून घेतो."